उशाकडून पाहिलेली शस्त्रक्रिया

१४ मार्च १९१३. न्यूयॉर्कच्या जर्मन हॉस्पिटलमध्ये फ्रान्झ टोरेक या सर्जनने ६७ वर्षांच्या एका बाईची छाती डाव्या बाजूने उघडली आणि कर्करोग झालेली अन्ननलिका काढून टाकली. छातीतली अन्ननलिका काढूनही माणूस वाचला, असं त्याआधी कुठेच घडलं नव्हतं. ही बाई वाचली आणि पुढे १३ वर्षं जगली. सर्जरीच्या जाडजूड पुस्तकांत ही तारीख सापडतेच, आणि तिच्याशेजारी टोरेकचं नाव.

मी भूलतज्ज्ञ. सर्जन रुग्णाच्या छातीपाशी उभा असतो, आमची जागा टेबलाच्या उशाकडे. मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात माझी सगळी नोकरी या उशाकडच्या स्टुलावर गेली. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मी वाचला तो पुस्तकांत, पण समजला तो इथे बसून. इथून पाहिलं की १९१३ ची ती तारीख थोडी मागे सरकते. टोरेकचा हात कसबी होता यात शंका नाही. पण त्याच्याइतकेच कसबी हात त्याच्या आधी वीस-तीस वर्षं युरोपभर होते आणि त्यांचे रुग्ण टेबलावरच जात होते. टोरेकच्या रुग्णाचा श्वास चालू राहिला, हा खरा फरक होता. श्वास चालू ठेवायची युक्ती चारच वर्षं आधी, १९०९ मध्ये, त्याच शहरातल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सॅम्युएल मेल्ट्झर आणि जॉन आउअर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून शोधली होती.

आपली फुप्फुसं छातीच्या पिंजऱ्यात ताणलेली राहतात ती आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो म्हणून. छातीला भोक पडलं की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस आक्रसून बसतं. दुसऱ्या बाजूचं फुप्फुस सुरू असतं, पण प्रत्येक श्वासाबरोबर हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या इकडून तिकडे ढकलल्या जातात. माणूस काही मिनिटांत निळा पडतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्जन पोटात शिरले, कवटी उघडून मेंदूपर्यंत पोचले, पण छातीच्या दारात थांबले. थिओडोर बिलरोथने १८७१ मध्ये कुत्र्यांच्या मानेतली अन्ननलिका कापून दाखवली. त्याचा शिष्य विन्सेन्झ चेर्नी याने १८७७ मध्ये हायडेलबर्गला एका स्त्रीच्या मानेतल्या अन्ननलिकेचा कर्करोग काढला. ती रुग्ण सव्वा वर्षाच्या आसपास जगली. बिलरोथने १८८१ मध्ये व्हिएन्नात जठराचा कर्करोगही यशस्वीपणे काढला. अन्ननलिकेच्या वर मान, खाली जठर. दोन्हीकडे सुरी पोचली होती आणि मधली वीतभर जागा कुणाच्याच हाताला लागत नव्हती.

ती जागा गाठण्यासाठी ब्रेसलाऊमध्ये जो उपाय झाला, तो आजच्या विद्यार्थ्यांना सांगितला तर त्यांचा विश्वास बसत नाही. ब्रेसलाऊ म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. तिथे योहान मिकुलिच हा मोठा सर्जन होता आणि त्याच्या हाताखाली फर्डिनांड साउअरब्रुख नावाचा तरुण. साउअरब्रुखने १९०४ मध्ये एक बंद खोलीच तयार केली. तिच्यातली हवा पंपाने काढून दाब किंचित कमी ठेवायचा, रुग्णाचं धड खोलीत आणि मान रबरी पट्ट्यातून बाहेर. सर्जन आणि त्याचे मदतनीस आत, भूल देणारा बाहेर रुग्णाच्या तोंडापाशी. छाती उघडली तरी खोलीतला दाब कमी असल्यामुळे फुप्फुस आक्रसत नसे. विचार बिनचूक होता, पण आत उकाडा व्हायचा, हालचाल करता येत नसे, आणि कुठून हवा गळली की सगळं संपलं. मिकुलिचला स्वतःला जठराचा कर्करोग झाला आणि १९०५ मध्ये तो गेला.

मेल्ट्झर आणि आउअर यांनी प्रश्न उलटा केला. बाहेरचा दाब कमी करण्यापेक्षा आतला वाढवावा. श्वासनलिकेत बारीक नळी घालून तिच्यातून हवा आणि ईथर दाबाने सोडत राहायचं, म्हणजे छाती उघडी असली तरी फुप्फुस फुगलेलं राहतं. चार्ल्स एल्सबर्गने १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये ही पद्धत माणसावर वापरली. खोली नको, पट्टा नको. एक नळी. टोरेकने १९१३ मध्ये हीच पद्धत घेतली. माझ्या शाखेच्या दृष्टीने त्या दिवसाचा नायक ही नळी आहे आणि हे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

टोरेकने काय केलं तेही पाहण्यासारखं आहे, कारण त्यात त्याची समज दिसते. रुग्णाच्या जठरात पोटावरून आधीच एक तोंड करून ठेवलं होतं, तिची उपासमार होऊ नये म्हणून. अन्ननलिका महाधमनीच्या कमानीमागून सोडवून घेतली. अन्ननलिकेचं वरचं टोक मानेतून बाहेर काढून छातीच्या कातडीखालून खाली आणलं आणि तिथे उघडलं. आणि मग टोरेक थांबला. अन्ननलिका आणि जठर छातीत एकमेकांना जोडायचा मोह त्याने टाळला. या दोन तोंडांच्या मध्ये शरीराबाहेरून रबरी नळी लावायची. बाई तोंडाने जेवायची, चावायची, गिळायची, घास छातीवरच्या तोंडातून नळीत आणि नळीतून जठरात. १३ वर्षं तिने रोज असंच अन्न घेतलं. जगण्याच्या आकड्यात हे १३ येतात, रोजची ती नळी येत नाही. माझ्या कारकिर्दीत या आजाराचे जेवढे रुग्ण पाहिले, त्यांना किती वर्षं जगणार हा प्रश्न असायचाच, पण त्याच्याआधी दुसरा असायचा: मॅडम, भाकरी खाता येईल ना?

छातीत जोड द्यायचं टोरेकने टाळलं, कारण अन्ननलिका जोडायला फार वाईट अवयव आहे. आतड्यावर, जठरावर बाहेरून एक चिवट पातळ पापुद्रा असतो. टाका त्यात धरतो. अन्ननलिकेवर तो नाही. सर्जन म्हणतात, भिजलेल्या कागदाला टाका घालावा तसं. शिवाय तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि तुकड्या-तुकड्याने आलेल्या. वरून सतत लाळ आणि तिच्याबरोबर जंतू येत असतात. जोड सुटला की हे सगळं छातीच्या मधोमध, हृदयाशेजारी सांडतं. पुढे श्वासनलिका, शेजारी महाधमनी, आवाजाच्या नसा चिकटून. आणि कर्करोग मोठा धूर्त, आतल्या अस्तराखालून उभा-आडवा पसरतो. डोळ्यांना गाठ दिसते तिथून बोटं-दोन बोटं दूरही तो असतो. तो पोचतो त्या लसिकाग्रंथीही मानेपासून पोटापर्यंत.

टोरेकनंतर सुमारे वीस वर्षं असं यश फार थोड्यांच्या वाट्याला आलं. मग गोष्टी भराभर घडल्या. क्योतोमध्ये ओसावा यांनी १९३३ मध्ये जठर छातीत ओढून अन्ननलिकेला जोडल्याच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉर्ज ग्रे टर्नरने छाती न उघडता मानेतून आणि पोटातून अन्ननलिका ओढून काढली. शिकागोत ॲडम्स आणि फेमिस्टर यांनी १९३८ मध्ये काढणं आणि जोडणं एकाच बैठकीत केलं. बीजिंगमध्ये वू यिंगकाई यांनी १९४० मध्ये चीनमधली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. आयव्हर लुईस या वेल्समधल्या सर्जनने १९४६ मध्ये जी रीत मांडली ती अजून चालते: आधी पोट उघडून जठर मोकळं करायचं, नंतर उजव्या बाजूने छाती उघडून गाठ काढायची आणि तिथेच जोड द्यायचा. त्याने या दोन पायऱ्यांमध्ये दहा-पंधरा दिवस जाऊ दिले, आज त्या एकाच दिवशी होतात. डार्लिंग्टनच्या केनेथ मॅककीऑनने जोड मानेत नेला, म्हणजे सुटला तरी छातीत सांडू नये. आणि १९७८ मध्ये मिशिगनच्या मार्क ऑरिंजरने ग्रे टर्नरची छाती न उघडण्याची रीत पुन्हा आणली. या नावांवरून सर्जनांमध्ये वर्षानुवर्षं वाद रंगले. माझं मत असं की यातली कुठलीही रीत निष्णात हातात चालते आणि नवख्या हातात कुठलीच चालत नाही.

मी नोकरीला लागले त्या सुमारास, १९८० मध्ये, ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत रिचर्ड अर्लम आणि कुन्या-मेलो यांचा एक लेख आला. त्यांनी १२२ शोधनिबंधांतल्या ८३,७८३ रुग्णांचा हिशेब मांडला होता. आमच्या विभागात शनिवारी वाचनसभा असायची, तिथे एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तो हिशेब फळ्यावर लिहिला. या कर्करोगाचे १०० रुग्ण आले तर ५८ जणांवर शस्त्रक्रिया करायला घेतली जाते. त्यातल्या ३९ जणांची गाठ निघते. त्या ३९ पैकी १३ रुग्णालयातून घरी जात नाहीत. २६ घरी जातात. एका वर्षाने त्यातले १८ हयात, दोन वर्षांनी ९, पाच वर्षांनी ४.

फळ्यावर शेवटचा आकडा लिहून झाल्यावर खोलीत कुणी काही बोललं नाही. गाठ निघालेल्या प्रत्येक तीन माणसांमागे एक रुग्णालयातच जात होता. तो माणूस शस्त्रक्रिया केली नसती तर कदाचित पाच-सहा महिने जगला असता, घरी, आपल्या माणसांत. म्हणून त्या काळात अनेक ठिकाणी गाठ न काढता तिच्यातून नुसती नळी घालत. लंडनच्या हेन्री साउटरने १९२४ मध्ये तारेच्या वेटोळ्यांची नळी केली होती, १९५९ मध्ये सेलेस्टिनची प्लॅस्टिकची नळी आली. माणूस पातळ पेज, दूध, डाळीचं पाणी घेऊ शके. लाळ तरी गिळता येई. स्वतःची लाळ गिळता न येणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्याला ही नळी क्षुल्लक वाटणार नाही.

आमच्याकडे येणारे रुग्ण तर आणखी उशिरा यायचे. सांगली-सोलापूरकडचे, मराठवाड्यातले, कोकणातले. आधी भाकरी अडकते म्हणून भाकरी आमटीत कुस्करून खायची, मग भात, मग पेज, मग चहा. हा सगळा प्रवास होईपर्यंत चार-पाच महिने गेलेले आणि वजन पंधरा किलोने उतरलेलं. गावात कुणी म्हणालेलं असतं की पित्त आहे, गॅस आहे. बायका तंबाखूची मिश्री लावणाऱ्या, पुरुष बिडी ओढणारे, तंबाखू मळणारे, त्यात काही दारू पिणारे. मुंबईत १९६३ मध्ये कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही सुरू झाली, भारतातली पहिली. तिच्या आधारे दाराब जुसावाला आणि देशपांडे यांनी १९७१ मध्ये तंबाखू चघळणाऱ्यांचा आणि ओढणाऱ्यांचा धोका मोजून मांडला, आणि त्यात तोंड-घशाबरोबर अन्ननलिकाही होती. त्याच्याआधी, २८ फेब्रुवारी १९४१ ला, परळला टाटा मेमोरियल उभं राहिलं होतं. आपल्याकडच्या रुग्णाला मुंबईला न्या म्हणण्यामागे परळचं नाव असायचं, आणि आजही असतं.

आता उशाकडून काय दिसतं ते सांगते. उजव्या बाजूने छाती उघडायची म्हणजे सर्जनला उजवं फुप्फुस बाजूला हवं. मग आम्ही दोन मार्गांची नळी घालतो. तिचा एक मार्ग उजव्या फुप्फुसाचा, एक डाव्याचा. मूळ कल्पना स्टॉकहोमच्या एरिक कार्लेन्सची, १९४९ मधली. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवल्यावर नळी सरकते, म्हणून पुन्हा स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजू ऐकायच्या, अलीकडे बारीक दुर्बिणीतून पाहायचं. मग उजवा मार्ग चिमट्याने बंद करायचा. बरगड्यांमधून उजवं फुप्फुस हळूहळू खाली बसताना दिसतं, गुलाबीचं जांभळं होतं. आता सगळा माणूस एका डाव्या फुप्फुसावर, आणि तेही खालच्या बाजूला, हृदयाच्या वजनाखाली दबलेलं. बिडीने खराब झालेलं असेल तर अजून कठीण. ऑक्सिजनचा आकडा ९८ वरून ९४, ९१, ८८ असा उतरू लागतो. तोंडातून शब्द निघतो: ‘‘सर, दोन मिनिटं थांबा.’’ उजव्या फुप्फुसात थोडा ऑक्सिजन सोडायचा, आकडा वर येईस्तोवर कुणी काही हलवायचं नाही. तेवढ्यात हृदयामागे हात गेला की रक्तदाब कोसळतो. ‘‘हात बाहेर, सर.’’ माझ्या पिढीच्या चांगल्या सर्जनांचं लक्षण मी हेच सांगेन. या दोन वाक्यांवर त्यांचा हात त्या क्षणी थांबायचा, कारण विचारायची गरज नसायची.

शस्त्रक्रिया सहा-सात तास चाले. पण रुग्ण टेबलावर क्वचितच जात असे. जायचे ते चौथ्या, सहाव्या, नवव्या दिवशी, वॉर्डात. कारणं ठरलेली, न्यूमोनिया आणि जोड सुटणं. छातीवर आणि पोटावर एवढाले टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, कफ आत साचतो. म्हणून आम्ही पाठीच्या कण्यालगत बारीक नळी ठेवून सतत औषध द्यायला लागलो, दुखणं कमी झालं की माणूस खोकतो. शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीपासून बिडी-तंबाखू बंद, नाहीतर तारीख नाही. हे मी कडकपणे पाळलं. तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र हातात द्यायचं, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एक चेंडू जेमतेम हलतो. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण दोन उचलतो हे पाहून हा हट्टाला पेटतो. जठराच्या पुढे आतड्यात नळी घालून तिच्यातून पातळ आहार द्यायचा, म्हणजे जोडावर ताण न येता शरीराला बळ मिळतं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवायचं. तिसऱ्या दिवशी छातीतल्या नळ्यांच्या बाटल्या हातात धरून वॉर्डात चालवायचं. हे काम सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि रुग्णाची बायको किंवा लेक करते. कुठल्याही शोधनिबंधावर त्यांचं नाव नसतं.

ही माणसं आणि ही कामं जिथे रोजची आहेत तिथे रुग्ण वाचतात, हे नंतर आकड्यांनी सिद्ध झालं. जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अन्ननलिकेची शस्त्रक्रिया वर्षातून दोनपेक्षा कमी वेळा करणाऱ्या रुग्णालयांत सुमारे २० टक्के रुग्ण दगावत होते, १९ पेक्षा जास्त करणाऱ्यांत सुमारे ८ टक्के. शस्त्रक्रिया तीच, देश तोच. नेदरलँड्सने यावरून नियमच केला, २००६ मध्ये वर्षाला किमान १० शस्त्रक्रिया आणि २०११ पासून किमान २०, तेवढ्या होत नसतील तर रुग्ण दुसरीकडे पाठवायचा. आपल्याकडे असा नियम असावा असं मला मनापासून वाटतं. जिल्ह्याच्या गावी एखादा हुशार सर्जन वर्षातून एकदा ही शस्त्रक्रिया करतो आणि रुग्णाच्या घरच्यांना ते मोठं धाडस वाटतं. त्या धाडसाची किंमत रुग्ण भरतो.

छाती मोठी न फाडता दुर्बिणीतून करण्याची रीतही आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा जंतुसंसर्ग खुल्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्क्यांना झाला, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना. हा आकडा वाचला तेव्हा मला पोटातून आनंद झाला. ज्या न्यूमोनियाशी मी इतकी वर्षं वॉर्डात झुंजले, तो बारीक छिद्रांनी एवढा मागे हटला होता.

पण वर्षांच्या हिशेबात सगळ्यात मोठी उडी शस्त्रक्रियेच्या आधी झाली. नेदरलँड्समध्ये २००४ ते २००८ या काळात ३६६ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचं नाव क्रॉस. निम्म्यांना थेट शस्त्रक्रिया. निम्म्यांना आधी पाच आठवडे, दर आठवड्याला केमो आणि एकूण २३ वेळा शेक, मग शस्त्रक्रिया. शेक हा आमच्या रुग्णांचा शब्द, किरणोपचारांसाठी. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात निम्मे रुग्ण २४ महिन्यांच्या पुढे जगले, शेक-केमो घेतलेल्यांत निम्मे रुग्ण ४९ महिन्यांच्या पुढे. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या प्रकारच्या कर्करोगात हाच फरक २१ महिने आणि ८१ महिने असा होता. १० वर्षांनी पाहिलं तेव्हा ३८ टक्के विरुद्ध २५ टक्के हयात होते. दोन्ही गटांत रुग्णालयात दगावलेले ४ टक्के. निवडलेली, अंगाने बऱ्यापैकी धडधाकट माणसं होती ही, आमच्या वॉर्डात पंधरा किलो गमावून येणाऱ्यांशी त्यांची तुलना सरसकट करता येणार नाही. तरीही १९८० च्या त्या फळ्यावरचा ३९ पैकी १३ हा आकडा माझ्या डोळ्यांपुढे होता आणि हा ४ टक्के मी पुन्हा पुन्हा वाचला.

शेक-केमोनंतर काढलेल्या अन्ननलिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या तेव्हा २९ टक्के रुग्णांत कर्करोगाची एकही पेशी उरली नव्हती. म्हणजे जवळपास तीनातल्या एकाची अन्ननलिका आपण कर्करोग गेल्यानंतर काढली होती. त्यातून पुढचा प्रश्न निघाला: अशांची काढावीच का? डच डॉक्टरांनी त्यासाठी सानो ही चाचणी केली. आधीच्या उपचारांनी गाठ नाहीशी झालेल्या रुग्णांपैकी काहींना लगेच शस्त्रक्रिया आणि काहींना नुसती देखरेख, परत दिसली तरच शस्त्रक्रिया. २०२५ मध्ये निष्कर्ष आला: दोन वर्षांनी देखरेखीच्या गटात ७४ टक्के हयात, शस्त्रक्रियेच्या गटात ७१. ही देखरेख सोपी नाही, पुन्हा पुन्हा दुर्बीण आणि स्कॅन करावे लागतात, आणि ज्याला तालुक्याहून एसटीने यायचंय तो प्रत्येक तारखेला येईलच असं नाही. तरीही ज्या शस्त्रक्रियेसाठी साउअरब्रुखने खोली बांधली, ती काही रुग्णांना टाळता येईल असं आपण आज म्हणू शकतो.

आणखी एक गोष्ट चीनमधल्या लिनशिअनची. हेनान प्रांतातला हा भाग या कर्करोगाचं जगातलं एक मोठं आगर. तिथे शेन छिओंग या डॉक्टरांनी जाळीचं वेष्टण असलेला छोटा फुगा तयार केला. तो गिळायचा, आत फुगवायचा आणि ओढून बाहेर काढायचा. जाळीला लागलेल्या पेशी काचेवर तपासायच्या. त्यातून काहीही त्रास नसलेल्या लोकांत अगदी सुरुवातीचे कर्करोग सापडले, आणि अशांवर शस्त्रक्रिया केली तर पाच वर्षांनी सुमारे ९० टक्के हयात असत. सर्जन तसेच, सुरी तशीच. फक्त माणूस टेबलावर लवकर आला.

जे वाचले त्यांचं पुढचं आयुष्य वेगळं असतं. जठर आता छातीत असतं, म्हणून पोटभर जेवण नाही. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, रात्री खाटेच्या उशाखाली विटा ठेवायच्या. गोड जास्त खाल्लं की घाम फुटतो, छातीत धडधडतं. लग्नाच्या पंगतीत आमच्या रुग्णांतली एक मावशी सगळ्यांबरोबर बसायची, दोन घास खायची आणि बाकीचं पान डब्यात भरून घ्यायची. ‘‘दुपारचं आन् चारचं झालं माझं,’’ म्हणायची. शस्त्रक्रियेनंतर ती दहा वर्षांहून अधिक जगली. तपासणीला येताना माझ्यासाठी ज्वारीच्या कण्या आणायची.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. घरात कुणाचाही कोरडा घास दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ अडकत असेल, भाकरी कुस्करून खायची वेळ आली असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. दुर्बिणीने अन्ननलिका तपासून घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि आजार निघालाच, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: या रुग्णालयात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, आणि आधी शेक-केमो द्यायचं का? विचारायला संकोचू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.